शनवार पेठेतला इसावा आन् बिनसीटची सायकल

गोव्याचं मला इचारू नका. गोवा तुम्ही समद्यांनी टीव्हीत बघितलाय, आन् समिंदर तसाच हाय, खारट. नाशकापासनं गोव्यापत्तुर मी सायकल चालवली हे आळीत आता कुत्र्यामांजरालाबी ठावं झालंय. जी ती बाई येती ती गोव्याचंच इचारती. मला सांगायचं हाय ते पुन्याचं. हसू नका. हडपसरपासनं पुनं किती लांब हाय ते मला कळतं. पर तुमच्यातली कोन शनवार पेठंत मुक्कामाला राह्यली हाय ते सांगा. कुनी न्हाई. मंग ऐका.

मी बोलते आन् सुलभाबाई लिव्हून घेत्यात. मला सही येती आन् दुकानावरच्या पाट्या वाचता येत्यात, त्याच्या म्होरं न्हाई. सुलभाबाई म्हंजे आपल्या वावरात जो टावर झाला, त्याच्या वरच्या मजल्यावर राहनाऱ्या बाई. शाळंत शिकवायच्या, आता रिटायर. जिथं आमचा कांदा व्हायचा तिथं त्यांचं सैपाकघर हाय. सकाळच्या त्या सायकल चालवायच्या. एक दिस म्हनलं बघू. बसले, तर चालली. हात-पाय इसरत न्हाईत. मंग त्यांनी त्यांच्या पोराची गेरची सायकल मला दिली आन् ह्या सहलीत माझं नाव घातलं.

नाशकाला आम्ही यष्टीनं गेलो. म्हंजे पुन्याहून यष्टीनं नाशिक, नाशकाहून सायकलीनं परत पुनं, तिथनं म्होरं सातारा, कोल्हापूर आन् घाट उतरून गोवा. सुनेनं इचारलं, आत्याबाई, परत पुन्यालाच यायचं तर जायचं कशापायी. सुलभाबाईंनी तिला नकाशा दाखवला. तिनं नकाशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् भाकरी थापायला गेली.

माझ्या बाळूला मी सांगितलं व्हतं की सायकलच्या सहलीला जाते. आता सायकल कोन चालवनार हे त्यानं इचारलं न्हाई. त्याला वाटलं आई मागच्या टेंपोत बसून सामानावर ध्यान ठेवनार. मला जेवढं इचारलं तेवढंच मी सांगते, ही माझी पहिल्यापासनंची रीत हाय.

नाशकापासनं तीन दिस चालवून आम्ही पुन्यात आलो. तिथं एक दिस इसावा. आमचे म्होरके वैद्य सर, नाशकाचे, उंच, गळ्यात शिट्टी. रात्री जेवताना त्यांनी नेम सांगितला. "विश्रांतीच्या दिवशी कुणीही घरी जायचं नाही. घर म्हणजे चिखल. पाय टाकला की रुतला." सांगत सगळ्यांना व्हते, बघत माझ्याकडं आन् सुलभाबाईकडं. गटात पुन्याच्या आम्ही दोघीच.

मी म्हनलं, सर, माझं घर हडपसरला हाय, पुन्यात न्हाई. सर म्हनाले, तेच ते. तवा मला कळलं की ह्या मानसाला पुन्यातलं काही कळत न्हाई.

शनवार पेठ, सकाळ

उतरायला एक लहानसं मंगल कार्यालय व्हतं. लगनाची तीथ नव्हती. बापय खाली हॉलात, आन् आम्हा बायकांना नवरीची खोली. भितीएवढा आरसा. माझ्या लगनात मला खोलीबिली नव्हती, गोठ्याच्या अंगाला एक पटकूर बांधलं व्हतं, त्याच्या आड माझं लुगडं नेसवलं आन् मागनं म्हस माझं केस चाटत व्हती. आता ह्या वयात नवरीच्या खोलीत झोपले. झोप काय लागली न्हाई, आरशात सारखी कोन तरी म्हातारी दिसायची.

कार्यालयाचे मॅनेजर सकाळी दारात आले. गरम पाणी सातपर्यंत आहे, नंतर मागितलंत तर मी नाही म्हणेन, आणि मला नाही म्हणायला आवडत नाही, असं सांगून गेले. चहा आला तो डोळ्यात औषध घालावं तेवढा. पोह्यात साखर. आपल्यात पाव्हन्याला एवढा चहा दिला तर तो इचारंल, घरात कोन आजारी हाय का. पर कप बशी एवढी लखलखीत, की मी पिऊन झाल्यावर धुऊन ठेवली. तर मॅनेजर म्हनाले, आजी, ते काम आमचं आहे. मी म्हनलं, माझी सवय हाय. ते म्हनाले, मग सवय हडपसरला ठेवून यायची. रागानं न्हाई म्हनाले. तिकडं रागाचं आन् मायेचं बोलनं एकाच भांड्यात शिजवत्यात, खानाऱ्यानं वळखायचं.

मंग समदे शनवारवाडा बघायला गेले, मी बी गेले. माझी अर्धी हयात त्या दरवाजाच्या अंगावरनं गेली. मालक अंथरुनाला खिळल्यावर मी मंडईत भाजी आनायची. कधी मंडईत जागा मिळाली न्हाई, तर मेथीच्या जुड्या घिऊन इथं पेठंत दारोदार फिरायची. दरवाजाचे खिळे पाठ हायत माझे, पर आत कधी गेले न्हाई. आत जायला भाजीवालीला सवड कुठली.

तर आत काय हाय सांगू. काही न्हाई. नुसती जोती. केवढा दरवाजा, केवढी भित, आन् आत घरच न्हाई. सर कारंज्याचं सांगत व्हते, इथनं पानी असं उडायचं, तसं उडायचं. मी जोत्यावर बसून घेतलं. म्हनलं, आमच्याकडं उलटं झालंय. आमच्या वावरात जोतं बी नव्हतं, आन् आता वर वर नुसते मजले. सुलभाबाई हसल्या, पर त्यांना जरा लागलं असंल. त्यांचा मजला त्यातच हाय.

दुपार

परत आल्यावर सरांनी खरा इसावा घ्यायला लावला. हॉलात सतरंज्या टाकल्या, आन् समद्यांनी पाठीवर पडून पाय भितीला वर लावायचे. रगत खाली उतरतं म्हनं. सर शिट्टी वाजवत्याल तवा उठायचं. चांगली शिकली-सवरली मानसं, कुनी डाक्टर, कुनी बँकंतलं, वटवाघळाची वळ लागावी तशी भितीला लागली. मी बी लागले. काष्ट्याचं लुगडं, तवा पायाचं काही भ्या नव्हतं. आता सांगते, मला आयुष्यात इसावा कुनी दिला नव्हता. आपल्यात बाई आडवी झाली की समजायचं, ताप तरी हाय न्हाईतर बाळंतीन तरी हाय. पडल्या पडल्या मला सारखं वाटत व्हतं, आता कुनी तरी येऊन वरडंल.

आन् बाळू आला.

चाकनच्या म्होरं कुनी माझा फोटू काढला व्हता. तो एका फोनातनं दुसऱ्या फोनात फिरत फिरत बाळूच्या फोनात शिरला. पांढरा शर्ट, हातात गाडीची चावी, दारात उभा. त्याच्या म्होरं बिल्डर लोक खुर्ची सोडून उभे ऱ्हात्यात. त्यानं अख्खी वळ बघितली, मंग माझे पाय वळखले.

"आई, हे काय चाललंय?"

"इसावा."

"ऊठ."

मी म्हनलं, सरांनी शिट्टी वाजवल्याबिगर उठता येत न्हाई. त्यानं सरांकडं बघितलं. सर घड्याळाकडं बघत व्हते. मंग माझा बाळू, गावात ज्याच्या शब्दावर मिरवनुका थांबत्यात, हातात चावी घिऊन शिट्टीची वाट बघत उभा राह्यला.

शिट्टी वाजली. आम्ही मायलेक पायरीवर जाऊन बसलो. सुलभाबाई चहा देऊन आत गेल्या, पर दाराआडच व्हत्या, त्यांच्या बांगड्या ऐकू येत व्हत्या.

बाळू म्हनला, दारात दोन गाड्या हायत आन् आई सायकलवर, गावात मी तोंड कुठं दाखवू. लोक म्हनत्याल पोरानं जमीन इकली आन् आईला हाकलली. आता घरी चल, उद्याचं उद्या बघू.

मी चहा पीत व्हते. त्याचं चुकत न्हाई. त्यानं काय बघितलंय ते मला ठावं हाय. त्याचे वडील पडले तवा तो पहिलीत व्हता. सायकल त्यांची, मला येत नव्हती. खळ्यात शिकले, पडले, ह्यो पुढचा दात तवाच गेला. मंग तांबडं फुटायच्या आत कॅरेजला जुड्या बांधायच्या, नळीवर बाळूला बसवायचं, कारन घरी त्याला बघायला कोन न्हाई, आन् मंडई गाठायची. हिवाळ्यात हँडल धरून बोटं वळायची न्हाईत. त्याच सायकलवर त्याला शाळंत सोडायची. पोरं त्याला 'टरींग टरींग' म्हनायची. एक दिस तो शाळेच्या बराच अलीकडं उतरला, म्हनला, आई, तू इथनंच जा. मी गेले. मला वाईट वाटलं न्हाई. जुड्या सुकत व्हत्या.

बाळू खाली मान घालून म्हनला, "तू परत कधी सायकलवर बसू न्हाई, म्हनून तर मी एवढं केलं."

मी म्हनलं, "तवा तू भुकेनं रडायचास म्हनून चालवली. आता घरात कोनच रडत न्हाई. तर एकदा तशीच चालवून बघू दे की."

त्यानं चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला, येतो म्हनला आन् गेला. एवढ्या गुमान गेला तवाच मला कळायला पायजे व्हतं. सुलभाबाई भाईर येऊन म्हनाल्या, किती समजूतदार मुलगा आहे हो. आन् थोड्या टायमानं त्याच, मागं सायकली लावलेल्या बोळातनं वरडत आल्या, शेवंताबाई, तुमच्या सायकलची सीट कुठाय.

सीट न्हाई. खालच्या दांडीसकट न्हाई. गेरच्या सायकलची सीट एक खटका वढला की निघती, ती बाळूनं काढून नेली. मागनं सुनेचा फोन आला. हे म्हनत्यात सीट घरी देवाजवळ ठेवलीय, आई आली की देतो.

सुलभाबाई लई चिडल्या. ही चोरी आहे, मी सरांना सांगते म्हनाल्या. मला हसू आवरंना. त्यांना सांगितलं, बाई, ही चोरी न्हाई, हा आमच्यातला मान हाय. आपल्यात पाव्हना निघतो म्हनला की त्याची पिशवी लपवत न्हाईत का. दान्याच्या कनगीत घालत्यात, माळ्यावर टाकत्यात. पाव्हना पिशवी द्या म्हनत घरभर हिंडतो, घरचे कसली पिशवी म्हनत्यात, आन् सुगरनीनं तवर पुरनाचं शिजत घातलेलं असतं. माझ्या भावानं एकदा आमच्या मालकाच्या वहाना कडब्याच्या गंजीत घातल्या. मालक भावाच्याच वहाना घालून घरी आले. तर बाळूनं त्यातलंच केलं. फकस्त आईला पाव्हनी केली.

पर हसून झाल्यावर म्होरचा हिशेब केला. सीट आनायला घरी गेले, तर संपलं. सून पुरन घालनार, नातू गळ्यात पडनार, बाळू म्हननार उद्या जा, आन् उद्या म्हननार पाऊसपानी बघून जा. मला कुनी बांधून ठेवनार न्हाई, म्हनून तर सुटता येनार न्हाई. आन् न्हाई गेले, तर सांच्याला सर सायकली तपासनार. जी सायकल ठीक न्हाई ती टेंपोत, आन् तिची मालकीन बी टेंपोत. टेंपोत बसून गोव्याला जायला मी काय बोचकं हाय.

म्हनलं, पुनं हाय ना हे सायकलींचं. निघाले बिनसीटची सायकल ढकलत. संगं सुलभाबाई. बोळाच्या तोंडाला एक गृहस्थ पेपर वाचत बसले व्हते. पेपर खाली न घेता म्हनाले, आजी, सीट विसरलात. मी म्हनलं, इसरले न्हाई, उभ्यानं चालवते. ते म्हनाले, उत्तम, म्हणजे सीट झिजायची काळजी नाही.

दोन दुकानं बघितली. एकात आता मोबाइल इकत्यात. दुसऱ्यात आता औषधं. तिसरं एका जिन्याखाली सापडलं. आत एक म्हातारबा पंक्चर काढल्यासारखं करत बसले व्हते, पर ट्यूब कोरडी व्हती. गिऱ्हाइकाशी बोलायला लागू नये म्हनून काम धरलं असावं.

"सीट हाय का?"

"आहे. पण तुमच्या सायकलची नाही. तसली सीट इथे मिळत नाही. हडपसरला मोठी दुकानं झालीत, तिकडे जा."

मी म्हनलं, तिथनंच तर सुटून आले. म्हातारबानं पहिल्यांदा वर बघितलं. सीट चोरीला गेली का, इचारलं. मी म्हनलं, न्हाई, पोरानं नेली. का नेली? मी घरी यावं म्हनून. मग जात का नाही? मला गोव्याला जायचंय.

त्यांनी ट्यूब खाली ठेवली. सुलभाबाईकडं बघून म्हनाले, ह्या बऱ्या आहेत ना. सुलभाबाई म्हनाल्या, नाशिकहून सायकलवर आल्यात. ते म्हनाले, मी ते विचारलं नाही.

पर उठले. वरच्या आढ्याला एक जुनी सीट टांगली व्हती, कातड्याची, रुंद, खाली दोन जाड स्प्रिंगा. पाखरांनी घान केली व्हती ती त्यांनी फडक्यानं पुसली. एक दांडी शोधली, ती बारीक निघाली, माझ्या सायकलच्या भोकात डुगडुग करायला लागली. मंग त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, दांडीभवती गुंडाळला आन् हातोडीनं बसवला. बसवताना एकदा मला, एकदा पोराला, आन् एकदा गेरच्या सायकली काढनाऱ्याला बोलून घेतलं. पैशाची मी घासाघीस केली. ते एक पै हलले न्हाईत. म्हनाले, आजी, तुम्ही मंडईत बसला असाल, मी जिन्याखाली बसतो, इथे वाकायला जागाच नाही.

मी बसून बघितलं. लुगड्याला ती बारकी टोकदार सीट कायम टोचायची. ही म्हंजे सोफा. फकस्त खड्ड्यात गेलं की कुईं म्हनायची.

सांच्याला सर तपासायला आले. बरेक दाबला, हवा बघितली, सीटीपाशी थांबले. "हे काय आहे?" मी म्हनलं, सीट. "सकाळी वेगळी होती." मी म्हनलं, ती घरी गेली. मी घरी गेले न्हाई, सीट गेली. नेमात सीटीचं काही नव्हतं. सरांनी सीट हालवून बघितली, हालंना. मंग स्वता बसले, कार्यालयाच्या अंगनात एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसरी मारली तवा सुलभाबाई खाकरल्या. सर उतरले, म्हनाले, चालेल. आन् हळूच इचारलं, दुकान कुठे आहे म्हणालात?

स्वारगेट

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो. शिवाजी रस्त्यानं मंडईवरनं गेलो. आतल्या बायका जुड्या सोडत व्हत्या, मी घंटी वाजवली, कुनी वर बघितलं न्हाई. त्यांना कुठली सवड.

मी चालवते बेतानं, तवा वळीत शेवटची. माझ्या मागं आमचा टेंपो असतो. स्वारगेटला येता येता मागनं उजेड पडला तो टेंपोचा नव्हता. पांढरी गाडी शेजारी आली, काच खाली झाली. बाळू. दाढी केली नव्हती. शेजारच्या शिटावर माझी सीट. मला वाटतं त्याचा हिशेब व्हता की आई टेंपोत तोंड पाडून बसली असंल, सीट दाखवून घरी न्यावी. तो माझ्या सीटीकडं बघत राह्यला.

"ही कुठनं आनली?"

"पुन्यातनं."

"दुखंल."

"तुझ्या सीटीपरीस मऊ हाय."

काच वर गेली. मला वाटलं गेला आता. चौकात लाल दिवा लागला, मी पाय टेकून उभी राह्यले. आमची वळ पलीकडं गेली व्हती, सुलभाबाई सुदीक. बस डेपोतनं गाड्या भाईर पडत व्हत्या, रिक्षा, दुधाचे टेंपो, समदी गर्दी माझ्या पाठीमागं येऊन थटली. दिवा हिरवा झाला. त्या सीटीवर बसायला मला उशीर लागतो, लुगडं सावरायचं, पायंडल वर घ्यायचं. मागनं एका बसनं भोंगा धरला तो सोडंना.

तवा मला गाडीचं दार उघडल्याचं ऐकू आलं. आन् बाळूचा आवाज, पार डेपोपत्तुर जाईल असा. गावात सभेत बोलतो त्याच्यापरीस मोठा.

"दम धर की. पुढं माझी आई हाय. सायकलवर हाय ती. बसू दे तिला."

भोंगा थांबला. रिक्षावाले माना काढून बघायला लागले. मी बसले. गाडी हळूहळू माझ्या मागं आली, चारी दिवे मिचकावत, कात्रजच्या चढाला लागंपत्तुर, आन् कुनालाबी माझ्या अंगावरनं जाऊ दिलं न्हाई. सीट त्यानं दिली न्हाई, मी बी मागितली न्हाई. मागं वळून बघावं वाटलं व्हतं. पर सायकलवर मागं बघितलं की हँडल वळतं, आन् म्होरं चढ व्हता.